जुन्या बागेतले सात गुलाब: नव्या घराचं एक प्रकरण

घर घेताना कागदावर बरंच काही येतं: क्षेत्रफळ, कुंपण, पाण्याची जोडणी, छताची दुरुस्ती. झाडं येत नाहीत. या प्रकरणातल्या कुटुंबालाही मागच्या आवारात गुलाब आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारं कुणी उरलंही नव्हतं. बाग ज्यांनी केली ते गृहस्थ वारले होते, घर काही वर्षं बंद होतं आणि वारसांच्या लेखी मागचं आवार म्हणजे नुसतं रान होतं.

कुटुंब तिघांचं. नवरा-बायको दोघंही नोकरीला, आणि सोबत त्याची आत्या. हिवाळा सरत आला असताना ते राहायला आले. त्याआधी घराची डागडुजी झाली होती. जुना गिलावा खरवडून नवा केला होता आणि खरवडलेला सगळा माल मजुरांनी मागच्या भिंतीच्या पायथ्याशी लोटून दिला होता. हा ढिगारा लक्षात असू द्या, पुढे त्याचं काम आहे.

सुरुवातीचे दिवस खोकी उघडण्यात गेले. मग एका सुट्टीला बायकोने गवत उपटायला घेतलं आणि बाही काट्यात अडकली. गवताखाली ओळीने लावलेली चार झुडपं निघाली. आणखी साफ केल्यावर भिंतीवर चढलेला एक मोठा वेली गुलाब दिसला, कोपऱ्यातल्या झाडाच्या सावलीत पसरलेली एक जाळी दिसली आणि पायरीजवळ गुडघ्याएवढं एक झुडूप. एका बुंध्याला तारेने पत्र्याची पट्टी बांधलेली होती, पण तिच्यावरची अक्षरं गंजाने खाल्ली होती. एकूण सात गुलाब, आणि एकाचंही नाव ठाऊक नाही.

हे गुलाब बघायला मला बोलावलं तेव्हा घरात दोन पक्ष पडलेले होते. नवऱ्याचं म्हणणं, सगळं मुळासकट काढावं, माती पालटावी आणि आपल्या आवडीचे नवे गुलाब लावावेत. आत्यांचं म्हणणं नेमकं उलट: "अरे, जुनं खोड आहे. जमिनीबरोबर छाटलं की बघ कसं फुटून येतं." मी जे सांगितलं ते दोघांनाही रुचलं नाही. एक बहर डोळ्यांनी बघून होईपर्यंत कुदळही नको आणि सरसकट छाटणीही नको. मेलेलं, मोडलेलं आणि रोगाने काळं पडलेलं लाकूड तेवढं आत्ता काढायचं.

जमिनीवर कोण उभं आहे?

बागेत विकत आणून लावलेला गुलाब बहुतेक वेळा दोन झाडं मिळून एक झालेला असतो. खाली खुंट, म्हणजे दमदार मुळं देणारा एखादा रानगुलाब. वर त्यावर डोळा, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या फांदीवरचा अंकुर, भरून वाढवलेला फुलाचा वाण. मालक लक्ष देत असतो तोवर खुंटाला फुटलेले धुमारे काढले जातात आणि वरच्या वाणाचं राज्य चालतं. बाग ओस पडली की खुंट डोकं वर काढतो. त्याची वाढ जोमाची, त्यामुळे काही वर्षांत वरचा वाण उपाशी पडून मरतो आणि त्याच जागी, त्याच आळ्यात, भलताच गुलाब उभा राहतो. लांबून झाड हिरवंगार दिसतं आणि मालक खूश असतो.

म्हणून जुन्या बागेत मी 'याचं नाव काय' किंवा 'याला कोणता रोग' या प्रश्नांपासून सुरुवात करत नाही. आधी हे ठरवावं लागतं की आज जे जिवंत आहे ते लावणाऱ्याने निवडलेलं झाड आहे की त्याचा खुंट. पुढची छाटणी, खत, जागाबदल, सगळं या उत्तरावर अवलंबून असतं. आत्या म्हणाल्या तसं जमिनीबरोबर छाटलं असतं तर झुडपं फुटली असती यात शंका नाही. काय फुटलं असतं, हा मुद्दा आहे.

याचं एक प्रसिद्ध उदाहरण मी आत्यांना सांगितलं, कारण त्यांच्या मताला त्यातून अर्धा आधार मिळतो. जर्मनीत हिल्डेसहाइमच्या कॅथीड्रलच्या भिंतीवर एक फार जुना रानगुलाब आहे. मार्च १९४५ मधल्या बाँबहल्ल्यात इमारत कोसळली, गुलाब जळाला, त्यावर ढिगारा पडला. आणि तरी त्याच्या मुळांतून नवे कोंभ आले. आजही तो फुलतो. पण तो रोझा कॅनिना, स्वतःच्या मुळांवरचा गुलाब. मुळातून जे आलं ते तोच होता. त्याच जागी कलमी गुलाब असता तर ढिगाऱ्यातून खुंट वर आला असता.

ओळीतली चार झुडपं

पाहणीची साधनं साधी होती: जाड हातमोजे, धारदार सिकेटर (छाटणीची कात्री), हातखुरपं आणि पुसायला स्पिरिट. हातमोज्यांचा आग्रह मी नेहमी धरतो. मातीत आणि कुजक्या पालापाचोळ्यात स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी असते. काट्याच्या ओरखड्यातून ती कातडीत शिरली तर जखम भरत नाही आणि हातावर वरवर चढत जाणाऱ्या गाठी येतात. रोज काट्यांत हात घालणाऱ्यांना 'काही होत नाही' म्हणायची सवय असते. अशा गाठी दिसल्या तर डॉक्टरांना गुलाबाचा काटा लागल्याचं आवर्जून सांगावं, नाहीतर निदान भरकटतं.

जिवंत काय ते कळायला फांदीची साल नखाने किंचित खरवडायची. खाली हिरवं ओलं दिसलं तर जीव आहे. तपकिरी कोरडं असेल तर खाली सरकत जायचं. कापलेल्या टोकाचा गाभा पांढरा किंवा फिकट हिरवट हवा. तपकिरी गाभा दिसतो आहे तोवर कापणं थांबवायचं नाही.

पहिली दोन झुडपं पाहताक्षणी संशय आला. लांब, वाकलेल्या, जवळजवळ बिनकाट्याच्या फांद्या. पानाच्या देठाच्या बुडाशी जी छोटी उपपर्णं असतात ती झालरीसारखी चिरलेली. ही रोझा मल्टिफ्लोराची खूण. पूर्व आशियातला हा गुलाब खुंट म्हणून जगभर वापरला गेला आणि काट्यांचा त्रास नको म्हणून त्याच्या बिनकाट्याच्या जाती निवडल्या गेल्या. बहर आला तेव्हा संशय खरा ठरला: पाच पाकळ्यांची, बारीक, पांढरी फुलं, झुपक्याने, एकदाच. दोन्ही झुडपांत वरचा वाण कधीच मेलेला होता. बुंध्याशी उकरल्यावर कलमाचा जुना सांधा सापडला. त्याच्या वरचा भाग सडून गेलेला आणि सगळे फुटवे सांध्याच्या खालून आलेले.

इथे एका समजुतीबद्दल बोलायला हवं, कारण तिने ओळखता ओळखता बरेच चांगले गुलाब मारले आहेत. 'पाच पानांची फांदी कलमी, सात पानांची रानटी' असं सर्रास सांगतात. कित्येक उत्तम बागायती वाणांना सात पर्णिका (एका देठावरची छोटी पानं) येतात आणि खुंटाच्या फुटव्याला कधी पाचही असतात. पानं मोजून काही ठरत नाही. फांदी कुठून निघाली हे माती बाजूला करून बघावं लागतं.

तिसऱ्या झुडपाची गोष्ट जास्त रंजक निघाली. तिथे दोन्ही झाडं एकत्र जगत होती. सांध्याखालून तीन दणकट धुमारे, आणि त्यांच्या गर्दीत मूळ वाणाची एकच करंगळीएवढी फांदी. वर्षानुवर्षं पालापाचोळा साचून सांधा मातीखाली गेला होता आणि त्या फांदीला सांध्याच्या वर स्वतःची दोन मुळं फुटली होती. थंड मुलखात सांधा मुद्दाम मातीखाली काही बोटं खोल पुरतात तो बर्फापासून बचाव म्हणून, आणि अशी स्वतःची मुळं हा त्याचा आणखी एक फायदा. उष्ण हवेत सांधा सहसा जमिनीच्या जरा वर ठेवतात. इथे कुणी काही ठरवलं नव्हतं, पाचोळ्यानेच काम केलं होतं.

धुमारे काढताना तो सिकेटर घेऊन पुढे सरसावला. थांबवावं लागलं. जमिनीलगत कापलेल्या धुमाऱ्याच्या बुडाशी झोपलेले डोळे राहतात आणि एकाच्या जागी चार धुमारे येतात. माती उकरत तो मुळावर जिथे उगवलाय तिथपर्यंत जायचं आणि हातमोज्याने धरून खाली हिसडा देऊन फाडून काढायचा, बुडाच्या डोळ्यांसकट. ओबडधोबड दिसतं, पण काम पक्कं होतं. मूळ वाणाच्या फांदीला हात लावला नाही. तिला त्या वर्षी एकच फूल आलं: मोठं, पिवळं, पाकळ्यांच्या कडांना गुलाबी छटा. त्या फुलाबद्दल पुढे बोलू.

चौथं झुडूप मेलेलंच होतं, पण त्याच्यावरून आत्यांशी खरा वाद झाला. बुंध्याशी मुठीएवढी गाठ होती. आत्या म्हणाल्या, "हाच तर कलमाचा सांधा. ही गाठ आहे म्हणजे झाड अस्सल आहे, ठेवा." सांधाही फुगीर असतो हे खरं. पण त्याच्यावर साल सलग चढलेली असते. या गाठीचा पृष्ठभाग खडबडीत, चिरलेला, बोटाने दाबला तर कडेला भुगा होणारा, आणि तशाच छोट्या गाठी मुळांवरही. हा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम जिवाणूमुळे होणारा मूळगाठीचा रोग. जिवाणू जखमेतून शिरतो आणि स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो. त्या पेशी मग बेफाम वाढतात. यावर इलाज नाही. झाड मुळांसकट, आजूबाजूच्या मातीसकट काढलं, कंपोस्टात टाकलं नाही, आणि हत्यारं स्पिरिटने पुसूनच पुढच्या झाडाला लावली.

भिंतीवरचा पिवळा पडलेला वेल

उन्हं वाढू लागली तशी वेली गुलाबाची नवी पानं पिवळी पडली. तिने फोटो पाठवून विचारलं, "विषाणू आहे का?" तोवर एका ओळखीच्या सल्ल्यावरून तिने नत्राचं खत घातलंही होतं.

फोटोतच उत्तर होतं. पिवळेपणा कोवळ्या पानांवर होता आणि शिरा हिरव्याच राहिल्या होत्या. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी होतात, कारण झाड त्यांतलं नत्र काढून शेंड्याकडे नेतं. लोह तसं हलवता येत नाही, म्हणून त्याची टंचाई नव्या पानांवर दिसते. मातीत लोह नसतं असं क्वचितच होतं. ते असतं, पण माती अल्कधर्मी झाली की मुळांना घेता येत नाही. आणि माती अल्कधर्मी होण्याचं कारण भिंतीच्या पायथ्याशी ढीग करून पडलेलं होतं. गिलाव्यातला चुना आणि सिमेंट प्रत्येक पाण्याबरोबर थोडं थोडं मुळांकडे झिरपत होतं. मातीचा सामू (पीएच) तपासला तर आठच्या वर निघाला. गुलाबाला सहा ते साडेसहाच्या आसपास बरं वाटतं.

नव्या किंवा नुकत्याच दुरुस्त केलेल्या घरात हे फार आढळतं आणि फार थोडे लोक ते ओळखतात. रोगाची औषधं फवारली जातात, खतांवर खतं पडतात, आणि गिलाव्याचा माल तसाच पडून राहतो. इथे आधी तो सगळा हाताने वेचून काढला. वरची वीतभर मातीही उचलली. मग भरपूर कंपोस्ट आणि थोडी गंधकाची भुकटी मिसळली. गंधक लगेच काम करत नाही. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, त्याला काही महिने लागतात. तोवर झाडाला धीर द्यायला चिलेटेड लोह दिलं, आणि तेही ईडीडीएचए प्रकारचं. सहज मिळणारं ईडीटीए प्रकारातलं लोह अशा मातीत टिकत नाही, अल्कधर्मी मातीत त्याचा बंध सुटतो आणि पैसे मातीत जातात. पाकिटावरची ही अक्षरं वाचणं महत्त्वाचं.

दुसरं एक कारण भिंतच होती. भिंतीच्या अगदी पायथ्याशी पावसाचं पाणी कमी पोचतं आणि पायाची माती तिथली ओल शोषते. वेली गुलाब भिंतीपासून दीड हात दूर लावून फांद्या भिंतीकडे वाकवायच्या असतात. हा चिकटून लावलेला होता. आता तो हलवण्यासारखा राहिला नव्हता, म्हणून भिंतीपासून लांबच्या बाजूला मोठं आळं केलं आणि पाणी तिथे, सावकाश आणि खोलवर.

फांद्यांचंही थोडं काम केलं. सगळ्या सरळ वर गेल्या होत्या आणि फुलं छपराच्या उंचीवर येत होती. फांदी उभी असली की शेंड्याचा डोळा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तीच आडवी बांधली की जवळजवळ प्रत्येक डोळा जागा होतो आणि फांदीभर फुलं लागतात. तारा ताणून फांद्या पंख्यासारख्या पसरवल्या. हे काम त्याला भलतंच आवडलं. सगळं उपटायचा हट्ट त्याने या दिवसापासून सोडला असं माझं निरीक्षण आहे, जरी तो ते कबूल करत नाही.

आत्यांची जाळी

सावलीतली जाळी पाहून माझ्याही मनात पहिला विचार खुंटाचाच आला असता, इतके फुटवे जमिनीतून इकडेतिकडे आले होते. पण बुंध्याशी कितीही उकरलं तरी सांधा सापडेना. प्रत्येक फुटव्याची पानं सारखी, काटे सारखे. हा स्वतःच्या मुळांवरचा गुलाब होता. ओळीतल्या झुडपांत जो धुमारा शत्रू, तोच इथे झाडाचं लेकरू.

बहर आला तेव्हा वासाने सगळं आवार भरलं. गच्च पाकळ्यांची गुलाबी फुलं, करडट हिरवी पानं, लांबुळकी फळं. दमास्क गटातला गुलाब, एवढं खात्रीने म्हणता येईल. अत्तरासाठी बल्गेरियात आणि तुर्कस्तानात जो पिकवतात त्याच घराण्यातला. इ. स. २००० मध्ये झालेल्या जनुकीय अभ्यासात या गटाचे तीन पूर्वज निघाले: गॅलिका, मस्क आणि मध्य आशियातला फेडचेन्कोआना.

या झाडामुळे 'आधी बहर बघा' या सल्ल्याची किंमत घरच्यांना कळली. वर्षातून एकदाच फुलणारे गुलाब मागच्या हंगामात वाढलेल्या लाकडावर फुलतात. हिवाळ्यात त्यांना कडक छाटलं की कळ्या जिथे येणार होत्या तेच कापलं जातं. झाड हिरवंगार होतं, फूल एक नाही, आणि मग 'वांझ आहे' म्हणून ते उपटलं जातं. त्यांची छाटणी बहर संपल्याबरोबर करायची. सतत फुलणाऱ्या गुलाबांना नव्या फुटीवर फुलं येतात, त्यांना हिवाळ्याच्या शेवटी छाटलं तर चालतं, उलट बरंच होतं. जिथे थंडीत झाड पुरतं झोपत नाही तिथे ती वेळ जराशी अलीकडे-पलीकडे होते, पण तत्त्व हेच.

जाळीवर सावली जास्त होती. गुलाबाला सहा तास तरी ऊन लागतं, त्यातही सकाळचं. जाळी हलवायची गरज नव्हती; वरच्या झाडाच्या दोन खालच्या फांद्या काढल्या आणि बहर संपल्यावर जाळीतलं सर्वात जुनं, राखाडी पडलेलं लाकूड बुडापासून काढलं. कडेचे दोन फुटवे मुळांसकट वेगळे करून उन्हात लावले. दोन्ही लागले. आत्या आता पाहुण्यांना आधी तिकडे घेऊन जातात आणि मग घरात बोलावतात.

पायरीजवळचं झुडूप

याच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण त्याला कशाचीच गरज नव्हती. लहान, फिकट गुलाबी, सैलसर फुलं, बारा महिने. चिनी गुलाबाच्या घराण्यातलं. युरोपात असे गुलाब अठराव्या शतकाच्या शेवटी पोचले आणि तिथल्या एकदाच फुलणाऱ्या गुलाबांशी त्यांचा संकर झाला, त्यातून आजचे सतत फुलणारे वाण निघाले. २०१२ साली त्याचं कारणही सापडलं: फुलणं रोखून धरणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक उडता तुकडा शिरून बसला आहे आणि ते जनुक निकामी झालं आहे. म्हणजे सतत फुलणं ही बिघाडाची देणगी. छाटणी म्हणाल तर वाळक्या काड्या काढल्या, संपलं.

काळे ठिपके आणि रात्रीची नळी

पाऊस सुरू झाल्यावर तिसऱ्या झुडपावर काळे ठिपके आले. कडा झालरीसारख्या, भोवती पिवळेपणा, मग पान गळणार. डिप्लोकार्पॉन या बुरशीचा हा रोग. तिचे बीजाणू रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं, ही या रोगाची दुखरी नस. दोघं संध्याकाळी उशिरा घरी येत आणि नळीने झाडांवरून पाणी मारत. पानं रात्रभर ओली. बुरशीला आणखी काय हवं!

पाणी सकाळी आणि बुंध्याशी, पडलेलं प्रत्येक पान गोळा करून आवाराबाहेर, आणि मातीवर पाचोळ्याचं ताजं आच्छादन म्हणजे पावसाचे थेंब बीजाणू वर उडवणार नाहीत. एवढ्यावर रोग गेला नाही, पण आटोक्यात आला. फवारणी टाळता आली. भुरीच्या बाबतीत हेच उत्तर चाललं नसतं, हे लक्षात घ्यावं: तिला पानावर पाणी नको असतं, दमट हवा आणि कोरडं पान हवं असतं. रोग न ओळखता 'पाणी कमी करा' असा सल्ला देणारे म्हणून निम्म्या वेळा बरोबर ठरतात.

नावांचा शोध

पिवळ्या-गुलाबी फुलाने घरात उत्सुकता वाढवली. माझा अंदाज 'पीस'. फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयाँ यांचा हा वाण दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तयार झाला आणि २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकेत त्याला ते नाव जाहीर झालं. फ्रान्समध्ये तोच 'मादाम आ. मेयाँ', जर्मनीत 'ग्लोरिया डेई', इटलीत 'जॉया'. एका झाडाला चार नावं असतील तर गंजलेल्या पट्टीवर नेमकं कुठलं होतं कुणास ठाऊक. शिवाय त्याच्या रक्तातले असंख्य वाण त्याच्यासारखेच दिसतात. एका फुलावरून शिक्कामोर्तब करायला मी तयार झालो नाही.

वेलाचं कोडं अजून गमतीचं. फिकट गुलाबी फुलं, चकचकीत पानं. 'डॉक्टर डब्ल्यू. व्हॅन फ्लीट' नावाचा १९१० सालचा एक वेली गुलाब आहे, तो एकदाच फुलतो. त्याच्यातच आपोआप बदल होऊन 'न्यू डॉन' निघाला, तो पुन्हा पुन्हा फुलतो. ऑगस्ट १९३१ मध्ये अमेरिकेने वनस्पतीला दिलेलं पहिलं पेटंट याचंच. दोघांचं फूल सारखंच. फरक एवढाच की पहिल्या बहरानंतर काय होतं. पहिल्या वर्षी इथे पुढे काहीच आलं नाही. पण लोहाच्या टंचाईने अशक्त झालेलं झाड दुसरा बहर टाळतंच, म्हणून मी निकाल राखून ठेवला. पुढच्या वर्षी उन्हाळा संपता संपता तुरळक फुलं आली.

जुने, नाव हरवलेले गुलाब शोधणाऱ्यांची एक पद्धत आहे: खरं नाव सिद्ध होईपर्यंत झाडाला जागेवरून किंवा माणसावरून एक तात्पुरतं नाव द्यायचं आणि ते दुहेरी अवतरणात लिहायचं, म्हणजे ते कामचलाऊ आहे हे कुणालाही कळतं. या घरात त्याप्रमाणे "भिंतीवरचा", "आत्यांची जाळी" आणि "पट्टीवाला" अशा तीन पट्ट्या लागल्या. पेन्सिलीने लिहिल्या, कारण बाहेर उन्हापावसात शाई उडते आणि पेन्सिल टिकते.

आजची स्थिती

मल्टिफ्लोराच्या दोन झुडपांपैकी एक काढून टाकलं. हा गुलाब बियांनी पसरतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात धूप थांबवायला आणि कुंपणाला म्हणून तो सरकारनेच लावायला लावला, आणि आज कित्येक राज्यांत तो उपद्रवी तण आहे. दुसरं आत्यांच्या आग्रहाने ठेवलं, पण कामाला जुंपून. त्याच्या एका धुमाऱ्यावर "पट्टीवाला" गुलाबाचे डोळे भरले. साल सहज सुटत होती तेव्हा टी आकाराची चीर देऊन, नुकतंच फूल गळलेल्या फांदीवरचे डोळे घेतले. भरलेल्यांपैकी एक हिरवा राहिला. हिवाळा सरताना त्या डोळ्याच्या वरचा खुंट कापायचा आहे आणि ते काम आत्या दुसऱ्या कुणाला करू देणार नाहीत.

छाटणीच्या कोनाबद्दल दोघांत अजून चर्चा चालते. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका काप, असं तो पुस्तकातून वाचून आला आहे. काप स्वच्छ असावा, बाकी फार जीव टाकू नये असं मला वाटतं. ब्रिटनच्या रॉयल नॅशनल रोझ सोसायटीने कुंपण छाटायच्या यंत्राने सरसकट कापलेले गुलाब आणि डोळा बघून छाटलेले गुलाब शेजारी शेजारी वाढवून पाहिले. यंत्राने कापलेल्यांना फुलं कमी आली नाहीत.

मूळगाठीच्या झुडपाची जागा मोकळीच आहे. तिथे त्याला स्वतःच्या पसंतीचा गडद लाल गुलाब लावायचा होता. ते नको म्हणून सांगितलं, आणि फक्त जिवाणूमुळे नव्हे. जिथे वर्षानुवर्षं गुलाब होता तिथे नवा गुलाब नीट रुजत नाही; लावायचाच तर हातभर खोल माती काढून दुसरीकडची भरावी लागते. त्या जागी सध्या गुलाबकुळाबाहेरची फुलझाडं आहेत. लाल गुलाबासाठी आवाराच्या दुसऱ्या टोकाला, सकाळचं ऊन येतं तिथे, खड्डा खणून ठेवला आहे. रोप कलमी घ्यायचं की स्वतःच्या मुळांवरचं, यावर घरात पुन्हा दोन पक्ष पडले आहेत. या वेळी आत्या आणि तो एका बाजूला आहेत.